टेल लाईटमध्ये पाणी शिरतंय? घरी दुरुस्त करा, पण आधी पाणी कुठून येतंय ते शोधा



या आठवड्याच्या व्हिडिओमध्ये आपण गाडीची टेल लाईट काढून, तिच्यातलं पाणी बाहेर काढून, ती पुन्हा बसवली. व्हिडिओत हात कसा चालतो ते दिसतं, पण "असंच का करायचं" हे सांगायला वेळ कमी पडतो. म्हणून ते सगळं इथे नीट लिहून ठेवतोय. स्वतःच्या गाडीसाठी वाचत असाल तरी उपयोग होईल, आणि घरोघरी जाऊन गाडीची छोटी कामं करण्याचा व्यवसाय करणार असाल तर शेवटचा भाग नक्की वाचा.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आपल्या एका बॅचमधल्या मुलाने मागच्या पावसाळ्यात पहिलं काम घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे शाळेची व्हॅन चालवणारे एक काका. डाव्या टेल लाईटमध्ये बोटभर पाणी साचलं होतं. या मुलाने लाईट काढली, पाणी ओतलं, फडक्याने पुसली आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं सिलिकॉन जिथे जिथे भोक दिसलं तिथे भरलं. मागची रबरी नळीसुद्धा बंद करून टाकली. ३०० रुपये घेतले. काका खूश, हाही खूश.

महिन्याभराने काकांचा फोन आला. सिग्नलला मागच्या मोटारसायकलवाल्याने काच ठोकून सांगितलं होतं, "तुमचा ब्रेक लाईट लागतच नाही." गाडीत सात मुलं बसलेली. लाईट काढून बघितली तर आत सगळं धुरकट, होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवा थर आणि एक पट्टी तर तुटलेलीच. मुलाने प्रामाणिकपणे स्वतःच्या खिशातून नवीन असेंब्ली आणून बसवली. ३०० कमावले आणि त्याच्या कितीतरी पट घालवले.

त्याची मेहनत कमी नव्हती. त्याने तीन चुका केल्या, आणि या तीनही चुका जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा करतो. त्या कोणत्या, हे पुढे ओघात येईलच.

हे काम किरकोळ का समजू नये?

मागच्या गाडीला तुमच्याबद्दल जे काही कळतं ते टेल लाईटमधूनच कळतं. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे येते. तुम्ही ब्रेक दाबला हे मागच्याला एक सेकंद उशिरा कळलं, तर तेवढं अंतर त्याच्या हातून गेलं. आणि हे पाणी शिरतं कधी? पावसात. म्हणजे रस्ता ओला, समोरचं नीट दिसत नाही, ब्रेक उशिरा लागतोय, नेमक्या त्याच दिवसांत तुमचा लाईट दगा देतो.

शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मागचा लाल दिवा आणि ब्रेक लाईट चालू असणं बंधनकारक आहे. व्यावसायिक गाडी असेल तर फिटनेसच्या वेळीही दिवे बघतात.

पाणी आत जातंच कसं?

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

टेल लाईटचे मुख्य दोन भाग. बाहेरचा लाल-पांढरा भाग, ज्याला आपण काच म्हणतो, तो खरंतर अ‍ॅक्रेलिक प्लास्टिकचा असतो. मागचा काळा किंवा राखाडी डबा म्हणजे हाउसिंग, ते बहुतेक एबीएस जातीच्या प्लास्टिकचं असतं. कंपनीत हे दोन भाग कडेने वितळवून एकमेकांना वेल्ड करतात किंवा गरम गोंदाने चिकटवतात. मागच्या बाजूला बल्बचे होल्डर बसतात आणि त्यांना रबरी रिंग असते.

आता यात २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब लागला की आतली हवा तापते. तापलेली हवा फुगते आणि थोडी बाहेर जाते. मग वरून पावसाचं गार पाणी पडतं, आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. समजा आतली हवा ६० अंशांवरून २५ अंशांवर आली, तर ती साधारण दहा टक्के आकसते. म्हणजे एक लिटर हवा मावणारी लाईट शंभर मिलिलिटरच्या आसपास हवा आत ओढणार. त्या वेळी कडेला बारीक चीर असेल आणि चिरेवर पाणी उभं असेल, तर हवेऐवजी पाणी आत जातं. दिवसातून असं दहा वेळा झालं की आठवड्यात बोटभर पाणी साचायला वेळ लागत नाही.

म्हणजे लाईट श्वास घेते. तिने तो योग्य जागेतून घ्यावा म्हणून कंपनी मागच्या बाजूला हवेची जागा ठेवते. कधी ती खाली वळलेली छोटी रबरी नळी असते, कधी नाण्याएवढा पांढरा किंवा काळा पडदा चिकटवलेला असतो. त्या पडद्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब जात नाही. ही जागा कधीही बंद करायची नाही. ती बंद केली की लाईट दुसरीकडून, म्हणजे कमजोर कडेतून श्वास घ्यायला लागते. आणि आत जी वाफ अडकली ती कायमची आतच राहते. आपल्या मुलाची ही पहिली चूक.

धुकं आहे की गळती?

सकाळी आतल्या बाजूला पातळ धुकं दिसलं म्हणून लगेच पाना घेऊन धावू नका. गार हवेत किंवा गाडी धुतल्यावर हलकं धुकं येणं हे बऱ्याच गाड्यांमध्ये नैसर्गिक असतं. लाईट लावून गाडी थोडी फिरली, ऊन पडलं की ते आपोआप जातं.

गळतीची लक्षणं वेगळी असतात:

- आत थेंब दिसतात, ओघळ दिसतात किंवा तळाशी पाणी हलताना दिसतं.
- दोन-तीन कोरडे दिवस गेले तरी धुकं जात नाही.
- एकाच बाजूची लाईट धूसर, दुसरी स्वच्छ.
- बल्ब पुन्हा पुन्हा उडतो. तापलेल्या बल्बच्या काचेवर गार थेंब पडला की ती तडकते.
- ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद लुकलुकतो. याचा अर्थ बऱ्याचदा होल्डरचं अर्थिंग गंजलंय.

आणखी एक गोष्ट बघा. डिकीतली मॅट उचला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. तिथे ओल असेल तर पाणी लाईटच्या आत नाही, लाईट आणि गाडीचा पत्रा यांच्यामधल्या फोमच्या गॅस्केटमधून डिकीत जातंय. दोन्ही वेगळे आजार आहेत आणि त्यांचा इलाजही वेगळा. लाईट सील करून डिकीतली ओल थांबणार नाही.

सामान काय लागेल?

- ८ आणि १० नंबरचा गोटी पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर
- प्लास्टिकची पट्टी (क्लिप आणि लायनिंग सोडवायला, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने रंग जातो)
- गाडी धुण्याचा शाम्पू, मऊ फडकी, जुना टूथब्रश
- हेअर ड्रायर
- ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप
- न्यूट्रल सिलिकॉन सीलंट, शक्यतो काळं किंवा पारदर्शक
- सिलिकॉन ग्रीस, कॉन्टॅक्ट क्लीनर
- फूटभर रबरी नळी
- गरज पडली तर बारीक बंद छिद्रांची फोम टेप, गॅस्केटसाठी

सिलिकॉन घेताना थांबा आणि ट्यूबवर "न्यूट्रल" लिहिलंय का ते वाचा. काचेच्या कामाचं जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, त्यातलं पुष्कळसं सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. तो वास म्हणजे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. बंद लाईटमध्ये ते अ‍ॅसिड तांब्या-पितळेच्या पट्ट्यांना खातं. होल्डरवरचा हिरवा थर तिथूनच आला. आपल्या मुलाची ही दुसरी चूक. दुकानदाराला "वास न येणारं" असं सांगून मागू नका, ट्यूब हातात घेऊन वाचा.

काम सुरू करू: एकेक पायरी

१. लाईट काढणे. गाडी बंद, चावी बाहेर, सगळे दिवे बंद. डिकी उघडा. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांमध्ये डिकी उघडली की लाईटच्या कडेला दोन स्क्रू समोरच दिसतात. सेडानमध्ये आतलं लायनिंग बाजूला करून मागचे नट सोडवावे लागतात. स्क्रू निघाले की लाईट सरळ मागे ओढा. बाहेरच्या बाजूला गोल खुंट्या क्लिपमध्ये बसलेल्या असतात, म्हणून लाईट वाकडी पिळली तर खुंटी तुटते. एक हात लाईटवर, दुसरा तळहात आतून, आणि हळूहळू. मग कपलरचं लॉक दाबून कपलर काढा. वायरला धरून ओढायचं नाही. काढण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढून ठेवा, बसवताना आठवत नाही.

२. पाणी काढणे. बल्बचे होल्डर फिरवून बाहेर काढा. लाईट उलटी करून पाणी बादलीत ओतू द्या. पाणी किती निघालं आणि कसं निघालं ते बघा. मातकट पाणी असेल तर चीर खालच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त, कारण चाकाने उडालेलं पाणी आत गेलंय. स्वच्छ पाणी असेल तर आधी वरची कड तपासा.

३. गळती शोधणे. हीच पायरी लोक गाळतात, आणि हीच आपल्या मुलाची तिसरी चूक. गळती न शोधता सगळीकडे सिलिकॉन फासणं म्हणजे ताप का आला ते न बघता गोळी देणं.

होल्डर पुन्हा बसवा, फक्त एक भोक उघडं ठेवा. त्या भोकात ओल्या फडक्याचा घट्ट बोळा लावून त्यातून रबरी नळी आत घाला. हवेची नळी किंवा पडदा टेपने तात्पुरता बंद करा. आता शाम्पूचा दाट फेस करून ब्रशने सगळ्या कडेला लावा आणि नळीतून तोंडाने हलकेच फुंका. जिथे बुडबुडे उठतील ती गळती. मास्किंग टेपच्या तुकड्याने खूण करा. एक सापडली म्हणून थांबू नका, पूर्ण कड फिरून या, होल्डरच्या रिंगाही बघा.

पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या दाबाने चांगली कडही उघडेल. आणि काम झाल्यावर हवेच्या नळीवरची टेप आठवणीने काढा.

४. धुणे आणि वाळवणे. बल्बची लाईट असेल तर आत शाम्पूचं पाणी घालून हलवा, स्वच्छ पाण्याने दोनदा विसळा. एलईडी लाईट असेल तर आत पाणी घालायचं नाही, कारण आत सर्किट आहे. मग होल्डर काढून, भोकं खाली करून लाईट वाळत ठेवा. ऊन असेल तर उत्तम. पावसाळ्यात हेअर ड्रायर मंद आचेवर, एका भोकातून आत, मधेमधे थांबत. अ‍ॅक्रेलिक साधारण १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणून हीट गन नको आणि ओव्हन तर मुळीच नको. हेडलाईट ओव्हनमध्ये गरम करून उघडतात असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या हेडलाईट्सचा गोंद गरम केल्यावर मऊ पडतो. टेल लाईट बहुतेक वेळा वेल्ड केलेली असते. ती उघडत नाही, वाकते.

वाळली की नाही हे कसं कळणार? रात्रभर घरात ठेवा. सकाळी आत धुकं नसेल तर वाळली. घाई करून ओल आत कोंडली तर सगळी मेहनत वाया.

५. जागा तयार करणे. गळतीच्या जागी जुना गोंद, माती, पॉलिश काहीही राहता कामा नये. आधी कोणी सिलिकॉन लावलं असेल तर ते पूर्ण खरवडून काढा. सुकलेल्या सिलिकॉनवर नवीन सिलिकॉन नीट धरत नाही. फक्त कडेच्या खाचेत पॉलिश पेपर हलका फिरवा, काचेवर नको. शाम्पूच्या पाण्याने पुसा, वाळवा. पेट्रोल, थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नका. अ‍ॅक्रेलिकवर त्याने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत.

६. सील करणे. खाचेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. सिलिकॉनची तीन-चार मिलिमीटर रुंद धार सोडा आणि शाम्पूच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच दाबत ओढा. सिलिकॉन खाचेत शिरलं पाहिजे, नुसतं वर बसून उपयोग नाही. टेप लगेच, ओलं असतानाच काढा. खूण केलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जास्त लावा. हवेची जागा मोकळी आहे ना, एकदा बघा.

७. थांबणे. वरून हाताला लागत नाही म्हणजे सुकलं असं नाही. सिलिकॉन वरून आत सुकत जातं आणि साधारण एका दिवसात दोन-तीन मिलिमीटर खोलपर्यंत पोचतं. म्हणून २४ तास. गंमत म्हणजे हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, त्यामुळे पावसाळी हवा त्याला चालते. लावायची जागा मात्र कोरडीठाक हवी.

८. होल्डर आणि कपलर. पट्ट्यांवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर टूथब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. हा स्प्रे फक्त होल्डर आणि कपलरवर, काचेपासून लांब धरून. गंजलेल्या पट्टीतून करंट जाताना ती तापते आणि प्लास्टिकचा होल्डर वितळतो, म्हणून पट्टी पातळ झाली असेल तर होल्डरच बदला. होल्डरच्या रबरी रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने काही जातीचं रबर फुगतं. ब्रेक आणि टेल दोन्हीसाठी एकच पिनवाला बल्ब असेल तर त्याच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात. तो एकाच पद्धतीने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून बघा.

९. बसवणे. पत्र्याला टेकणारं फोमचं गॅस्केट चपटं झालंय का, फाटलंय का बघा. खराब असेल तर जुनं सोलून नवीन फोम टेप लावा. टेपचा जोड खालच्या बाजूला ठेवा, वर नको. नट हाताने बसवा आणि पान्याने फक्त शेवटची थोडी चिमटी द्या. जास्त आवळलं की हाउसिंगला चीर पडते, म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर.

१०. तपासणी. टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, रिव्हर्स, सगळं एकेक करून बघा. ब्रेक बघायला दुसरा माणूस नसेल तर रात्री भिंतीजवळ गाडी मागे लावा, लाल उजेड भिंतीवर दिसतो. मग साध्या पाईपने दहा मिनिटं पाणी सोडा, आधी खालच्या कडेवर, नंतर वरच्या. डिकीत गॅस्केटच्या खाली टॅल्कम पावडर भुरभुरवून ठेवा. एक थेंब जरी आत आला तरी पावडरीत त्याची रेघ दिसते. सकाळी पुन्हा बघा.

चीर पडली असेल तर?

केसासारखी बारीक चीर असेल, काच जागेवर असेल, तर पारदर्शक दोन भागांचा इपॉक्सी गोंद पातळ लावून भागतं. झटपट चिकटणारा गोंद लावला तर त्याची वाफ आतून पांढरट डाग पाडू शकते. एम-सील घट्ट होतं, पण लवचिक नसतं. हादऱ्याने त्याच्या कडेला पुन्हा फट पडू शकते. काचेचा तुकडाच उडाला असेल तर लाल टेप लावून दिवस काढू नका. उजेड कमी होतो, रंग बदलतो. असेंब्ली बदला.

तळाला भोक पाडायचं का?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. तळाशी दोन मिलिमीटरचं भोक पाडलं की पाणी निघून जातं, हे खरं. पण त्याच भोकातून धूळ आणि चाकाचं पाणी आत येतं, आणि मूळ गळती तशीच राहते. जुनी गाडी, बल्बची लाईट, असेंब्ली मिळत नाही, अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून ठीक. एलईडी लाईटला कधीच नाही. गिऱ्हाईकाच्या गाडीला तर त्याला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

तात्पुरता उपाय

आज रात्री पाऊस आहे आणि काम रविवारीच होणार? लाईटच्या फक्त वरच्या आणि बाजूच्या कडेवर पारदर्शक पॅकिंग टेप लावा, टेप पत्र्यावर अर्धा इंच येऊ द्या. खालची कड मोकळी ठेवा, आत गेलेलं पाणी निघायला वाट हवी. आणि वॉशिंग सेंटरला सांगा, प्रेशरचा फवारा लाईटच्या कडेवर जवळून मारू नका.

कधी हात लावायचा नाही?

- गाडी वॉरंटीत असेल तर. तुम्ही सिलिकॉन लावलेलं दिसलं की दावा नाकारला जाऊ शकतो. आधी सर्व्हिस सेंटर.
- एलईडीची काही पॉइंट बंद पडली असतील तर. पाणी थांबवाल, पण सर्किट परत येणार नाही.
- आतला चंदेरी रिफ्लेक्टर सोलून निघाला असेल तर. लाईट लागेल, पण उजेड मागे पोचणार नाही.
- अपघातात लाईटची खुंटी किंवा पत्रा वाकला असेल तर. आधी डेंटिंगवाला.

हे काम व्यवसाय म्हणून करणार असाल तर

आता त्या ३०० रुपयांकडे परत येऊ. तो दर त्याने कुठून काढला? "शेजारचा एवढेच घेतो" म्हणून. आपण हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा प्रत्यक्ष हात चालण्याचा वेळ दोन तास. काढणे, शोधणे, सील करणे, दुसऱ्या दिवशी बसवणे, तपासणे, सगळं मिळून. तुमच्या तासाची किंमत २०० रुपये धरली तर झाले ४००. साहित्य ८०. काम दोन दिवसांचं, म्हणजे दोन फेऱ्यांचं पेट्रोल १००. एकूण ५८०. आता दहापैकी एक काम परत येईल असं धरा. ते फुकट करायचं आहे, म्हणजे प्रत्येक कामावर आणखी ५८ रुपये. झाले ६३८. म्हणून दर साडेसहाशे सांगायचा. ३०० घेतले त्या दिवशीच तो मुलगा निम्म्याहून जास्त तोट्यात होता, नवीन असेंब्लीचा खर्च तर पुढची गोष्ट.

दर वाढवला की गिऱ्हाईक विचारणारच, "एवढे कशाचे?" उत्तर तयार ठेवा, आणि ते खरं असू द्या: "काका, गळती कुठे आहे ते तुमच्यासमोर फेस लावून दाखवतो. एक दिवस सुकायला ठेवतो. बसवल्यावर तुमच्यासमोर पाणी मारून दाखवतो." बुडबुडा डोळ्यांनी बघितलेला माणूस सहसा घासाघीस करत नाही.

चार सवयी पहिल्या कामापासून लावा:

कामाआधी फोटो आणि यादी. कोणते दिवे लागत होते, कुठे चीर होती, लिहून गिऱ्हाईकाला मोबाईलवर पाठवा. नंतर "हे तुमच्याकडूनच तुटलं" हा वाद होत नाही.

गाडी उभी असेल तेव्हाच काम. २४ तास लाईट बाहेर म्हणजे २४ तास गाडी रस्त्यावर नाही. शाळेची व्हॅन असेल तर शनिवारी दुपारी घ्या, सोमवारी पहाटेआधी द्या. हे जमत नसेल तर काम घेऊ नका.

जे येत नाही त्याला नाही म्हणा. "ही असेंब्ली बदलावी लागेल, यावर पैसे घालवू नका" असं सांगितलंत तर त्या दिवशी साडेसहाशे बुडतील. पण पुढच्या वेळी तो माणूस दुसऱ्याकडे जाणार नाही.

हंगाम ओळखा. पाऊस सुरू झाल्यावर फोन येतात, पण तेव्हा लाईट वाळवायला ऊन नसतं. खरं काम एप्रिल-मेमध्ये आहे. जुन्या गिऱ्हाईकांना मेमध्येच निरोप पाठवा: पावसाआधी टेल लाईट, वायपर आणि डिकीचं रबर तपासून देतो.

आणि तो मुलगा? शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी त्याला सोडलं नाही. चूक कबूल करून स्वतःच्या पैशाने लाईट बदलून देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांच्या स्टँडवरच्या आणखी तीन व्हॅन यंदा मेमध्ये त्याच्याकडे आल्या. या वेळी त्याने फेस लावून गळती दाखवली, आणि दर साडेसहाशे सांगितला.

तुमच्या गाडीची लाईट आज रात्री एकदा बघाच. पाणी नसलं तरी ब्रेक लाईट लागतोय ना, तेवढं भिंतीवर तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढच्या व्हिडिओत डिकीचं रबर आणि दाराच्या कडेने येणारं पाणी. तोपर्यंत काम करत राहा, हिशोब लिहीत राहा.